३ आणि २६२: ट्रे लान्सच्या निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

आयपीएलचा लिलाव ज्यांना तोंडपाठ आहे त्यांना अमेरिकन फुटबॉलचा ड्राफ्ट समजावताना पहिली अडचण पैशाची येते. इथे बोली लागत नाही. कॉलेजातून येणारी मुलं ३२ संघांनी ओळीने निवडायची, अशा सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात ज्याची सगळ्यात वाईट गत झाली तो सगळ्यात पुढे. पहिल्या करारात कुणाला किती मिळणार तेही निवडीच्या क्रमांकावरून जवळपास ठरलेलं असतं. त्यामुळे या बाजारात चलन म्हणून पैसा चालत नाही, क्रमांक चालतो. पुढे सरकायचं असेल तर आपले क्रमांक द्यायचे, यंदाचे आणि येत्या वर्षांचेही. शेतकऱ्याने पुढच्या दोन हंगामांचं पीक आजच लिहून द्यावं, तसा हा व्यवहार.

सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सने २०२१ मध्ये असंच पीक लिहून दिलं.

प्रशिक्षक काइल शॅनाहन आणि जनरल मॅनेजर जॉन लिंच ही जोडी २०१७ मध्ये आली. लिंच स्वतः जुना खेळाडू, थेट टीव्हीच्या कॉमेंट्री बॉक्समधून या खुर्चीत आलेला. पहिल्याच ड्राफ्टमध्ये त्यांची निवड तिसऱ्या क्रमांकावर आली. त्यांनी बचावफळीतला सॉलोमन थॉमस घेतला. त्याच संध्याकाळी दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक महोम्स नावाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून संघाचं आक्रमण चालवणारा खेळाडू, उचलला. पुढे फेब्रुवारी २०२० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याच महोम्सने फोर्टीनायनर्सला ३१-२० असं हरवलं. ही सल या प्रकरणाच्या मुळाशी आहे असं मी म्हणेन. तसं कुणी कबूल केलेलं नाही, पण २०२१ मधली घाई बघितली की दुसरं कारण सुचत नाही.

अडचण

संघ भक्कम होता, फक्त क्वार्टरबॅक टिकत नव्हता. जिमी गॅरापोलोशी २०१८ मध्ये पाच वर्षांचा १३ कोटी ७५ लाख डॉलरचा करार झाला आणि त्याच हंगामाच्या तिसऱ्या सामन्यात त्याचा गुडघा गेला. २०१८ मध्ये ३ सामने, २०१९ मध्ये सगळे १६ (आणि त्या वर्षी संघ सुपर बोलमध्ये), २०२० मध्ये ६. म्हणजे ४८ पैकी २५. तो खेळला की संघ जिंकायचा, पण खेळेल की नाही याची खात्री नाही. २०२० चा हंगाम सहा विजय, दहा पराभव असा संपला आणि ड्राफ्टमध्ये बारावा क्रमांक मिळाला.

दुसरी अडचण हिशोबाची. या लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते. अनुभवी क्वार्टरबॅक एकटाच तिचा मोठा लचका तोडतो. ड्राफ्टमधून आलेला चांगला क्वार्टरबॅक पहिली चार वर्षं त्या मानाने स्वस्तात पडतो आणि वाचलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो. स्वस्त क्वार्टरबॅक आणि महाग संघ हे गणित सगळ्यांनाच माहीत आहे. तो स्वस्त क्वार्टरबॅक आणायचा कुठून, एवढाच प्रश्न.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गॅरापोलोवर आणखी एक वर्ष काढण्याचा. त्यात बाराव्या क्रमांकावर जो चांगला खेळाडू उरेल तो घ्यायचा.

दुसरा पर्याय तयार माणूस आणण्याचा. जानेवारी २०२१ मध्ये डेट्रॉइटचा मॅथ्यू स्टॅफर्ड बाजारात आला. त्याला लॉस एंजेलिस रॅम्सने नेलं: आपला क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि तिसऱ्या फेरीची एक, एवढं देऊन. बरोबर एका वर्षाने, ३० जानेवारी २०२२ ला, स्टॅफर्डच्या रॅम्सने फोर्टीनायनर्सला २०-१७ ने हरवलं आणि दोन आठवड्यांनी सुपर बोलही जिंकला. रॅम्सने ३३ वर्षांचा, सगळ्या खोडी माहीत असलेला माणूस विकत घेतला होता. किंमत मात्र पुढे फोर्टीनायनर्सने जी मोजली त्याच्या आसपासचीच.

तिसरा पर्याय बारावरून वर सरकण्याचा. त्या वर्षी पाच क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत जातील असा अंदाज होता. ट्रेव्हर लॉरेन्स जॅक्सनव्हिलला पहिला जाणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. न्यूयॉर्क जेट्स दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सनला घेणार हेही जवळपास ठरलेलं. म्हणजे तिसरा क्रमांक मिळवला तर उरलेल्या तिघांतून हवा तो निवडता येणार होता: अलाबामाचा मॅक जोन्स, ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स, नॉर्थ डकोटा स्टेटचा ट्रे लान्स.

सौदा

२६ मार्च २०२१ ला फोर्टीनायनर्सने मायामी डॉल्फिन्सकडून तिसरा क्रमांक घेतला. दिलं काय? यंदाचा बारावा क्रमांक, २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांची पहिल्या फेरीची निवड, आणि वर २०२२ च्या तिसऱ्या फेरीची एक निवड.

जुन्या जाणत्यांचा एक कोष्टक-तक्ता असतो. १९९० च्या दशकात डॅलस काउबॉइजकडे तयार झालेला, प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा. त्यात तिसऱ्याला २,२०० गुण आणि बाराव्याला १,२००. मधल्या हजार गुणांसाठी दोन पहिल्या फेऱ्या आणि वर एक तिसरी.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. सौदा झाला तेव्हा नक्की कोणता मुलगा घ्यायचा हे पक्कं झालेलं नव्हतं. सौदा आणि ड्राफ्ट यांच्यात ३४ दिवस होते, आणि त्या दिवसांत शॅनाहन आणि लिंच अजून मुलांचे सराव बघत फिरत होते. बाहेर बहुतेकांना वाटत होतं की जोन्सच येणार. आपल्याकडे आधी हॉल बुक करायचा आणि मग मुलगी बघायला जायचं, असं कुणी केलं तर घरचे काय म्हणतील?

त्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. ड्राफ्टच्या रात्री वर सरकायला गेलं तर भाव दुप्पट होतो, कदाचित दारच उघडत नाही. तिघेही आपल्याला चालतील असं त्यांचं मत असेल, तर आधी जागा धरून ठेवणं मूर्खपणाचं नाही. पण तिघेही चालणारे असतील तर एका विशिष्ट मुलासाठीची किंमत का मोजायची, हा प्रश्न उरतोच. बाराव्यावरून सात-आठवर येऊन तिघांतला एखादा मिळाला असता. फील्ड्स शेवटी अकरावा गेला आणि जोन्स पंधरावा.

मुलगा

२९ एप्रिलला क्लीव्हलंडमध्ये नाव पुकारलं गेलं ते ट्रे लान्सचं. वय २० वर्षं. मिनेसोटातल्या मार्शल या लहानशा गावातला. २०१९ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेटकडून १६ पैकी १६ सामने जिंकलेला, त्या वर्षी २८ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे) आणि एकही इंटरसेप्शन (समोरच्या संघाने झेललेला पास) नाही. शिवाय स्वतः चेंडू घेऊन पळत ११०० यार्ड. आकडे वाचून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल.

पण हे सगळं विद्यापीठ फुटबॉलच्या दुसऱ्या पायरीवरचं, जिथे समोरचे बचावपटू त्या ताकदीचे नसतात. २०२० मध्ये कोरोनामुळे त्या पायरीवरचा हंगाम पुढे ढकलला गेला आणि त्याच्या संघाने शरद ऋतूत एकच सामना खेळला, ३ ऑक्टोबरला सेंट्रल आर्कान्सॉविरुद्ध. पूर्ण वर्षात तेवढाच. कॉलेजच्या सगळ्या काळात मिळून त्याने फेकलेले पास ३१८. २०२१ मध्ये इंडियानापोलिसच्या कम्बाइनमधल्या, म्हणजे ड्राफ्टआधी मुलांना पारखण्याच्या शिबिरातल्या, मैदानावरच्या चाचण्याही रद्द झालेल्या. म्हणजे ज्याच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती होती, त्याच्यावर सगळ्यात मोठी किंमत लागली.

माझे वडील कोल्हापुरात शाळेच्या पोरांना क्रिकेट शिकवायचे. त्यांना मी हे सगळं फोनवर सांगितलं, क्रमांक, तक्ता, करार, सगळं. त्यांनी निवांत ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बरं, आता त्याला खेळवणार ना?"

पुढची दोन वर्षं

नाही खेळवलं. २०२१ चा हंगाम गॅरापोलोनेच खेळला. योजना उघड होती: पोराने वर्षभर बाकावर बसून शिकावं. महोम्सही पहिलं वर्ष बाकावर बसला होता, हा दाखला तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी. पण महोम्स कॉलेजातच भरपूर सामने खेळून आला होता. लान्सला शिकण्यापेक्षा खेळण्याची भूक होती, आणि ती बाकावर कशी भागणार?

२०२१ मध्ये त्याला सुरुवातीपासून उतरवलं ते दोनच सामन्यांत, दोन्ही वेळा गॅरापोलो जायबंदी होता म्हणून. पहिला ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनात. तो सामना जरा जवळून बघण्यासारखा आहे. लान्सने २९ पास फेकले आणि १६ वेळा स्वतः चेंडू घेऊन पळाला, ८९ यार्ड. १६ हा आकडा चेंडू घेऊन पळणं हेच काम असलेल्या रनिंग बॅकचा झाला, क्वार्टरबॅकचा नाही. सामना १७-१० ने गेला आणि लान्सचा डावा गुडघा मुरगळला. दुसरी संधी थेट जानेवारीत, ह्यूस्टनविरुद्ध. तो त्याने २३-७ जिंकून दिला. हंगाम संपला तेव्हा त्याच्या नावावर ७१ पास.

२०२२ च्या उन्हाळ्यात संघाने जाहीर केलं की आता लान्स. गॅरापोलोला विकायचं ठरलं होतं, पण मार्चमध्ये त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि गिऱ्हाईक फिरकेना. ऑगस्टच्या अखेरीस संघाने त्याचा करार बदलला, मूळ पगार ६५ लाख डॉलरवर आणला आणि त्याला राखीव म्हणून ठेवून घेतलं. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली, नव्या क्वार्टरबॅकच्या मानेवर जुन्याची सावली नको म्हणून. मला मात्र या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात शहाणा निर्णय वाटतो. तो तीन आठवड्यांत वसूल झाला.

पहिला सामना शिकागोत, सोल्जर फील्डवर, धो धो पावसात. मैदानावर तळी साचलेली. लान्सचे २८ पैकी १३ पास पूर्ण, आणि पुन्हा १३ वेळा स्वतः पळाला. १९-१० अशी हार. समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक होता जस्टिन फील्ड्स. सामना संपल्यावर शिकागोचे खेळाडू त्या पाण्यात पोटावर घसरत होते, पहिल्या पावसात पोरं चिखलात लोळतात तसे.

दुसरा सामना १८ सप्टेंबर २०२२, सांता क्लारात, सिॲटलविरुद्ध. सामन्याच्या पहिल्याच चतुर्थांशात आखून दिलेल्या चालीप्रमाणे लान्स चेंडू घेऊन मधल्या गर्दीत घुसला. खाली दबला तो उठलाच नाही. उजव्या पायाचा घोटा मोडला होता. गाडी आली, पायाला फुगवलेलं आवरण लावलं, दोन्ही संघांचे खेळाडू भोवती जमले. गॅरापोलो उतरला आणि सामना २७-७ ने जिंकला.

फोर्टीनायनर्सकडून ट्रे लान्सने त्यानंतर हंगामातला एकही सामना खेळला नाही. एकूण ८ सामने, त्यातले ४ सुरुवातीपासून, १०२ पास.

अनपेक्षित बाजू

४ डिसेंबरला गॅरापोलोचंही पाऊल मोडलं. समोरचा संघ कोणता असावा? मायामी. ज्यांनी तिसरा क्रमांक विकला तेच.

मैदानात आला ब्रॉक पर्डी. २०२२ च्या ड्राफ्टमधली शेवटची, २६२ वी निवड. या शेवटच्या निवडीला तिकडे गमतीने 'मिस्टर इर्रिलेव्हंट' म्हणतात, असून नसून सारखा. पर्डीने तो सामना जिंकला, नंतरचे सगळे जिंकले आणि संघाला कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी आधीपर्यंत, नेलं. तिथे फिलाडेल्फियाविरुद्ध सुरुवातीलाच त्याच्या कोपराचा अस्थिबंध तुटला आणि संघ ३१-७ ने हरला.

पर्डीत काय होतं? उंची बेताची, हात बेताचा. पण आयोवा स्टेटकडून तो चार वर्षं खेळला होता. १,४०० हून जास्त पास, १२,१७० यार्ड. चुका करून, शिव्या खाऊन, परत उतरून झालेला. लान्सचे ३१८ आणि पर्डीचे चौदाशे हे दोन आकडे मी शेजारी शेजारी लिहून ठेवले आहेत. यातून सरसकट नियम निघत नाही. चौदाशे पास फेकून काहीच न झालेली मुलं ढीगभर आहेत.

आणि तो स्वस्त क्वार्टरबॅक? तो मिळालाच. पर्डी वर्षाला दहा लाख डॉलरच्याही आत खेळत होता. संघाचं गणित बरोबर निघालं, फक्त उत्तर भलत्याच वहीत सापडलं. लान्सचा चार वर्षांचा करार ३ कोटी ४१ लाख डॉलरचा, पूर्ण हमीचा.

निकाल

२०२३ मध्ये संघाने सॅम डार्नॉल्डला घेतलं. तोही २०१८ चा तिसरा क्रमांक, जेट्सने वापरून टाकून दिलेला. ऑगस्टमध्ये पर्डीच्या मागे दुसऱ्या जागेवर डार्नॉल्ड बसला, लान्स तिसऱ्यावर गेला, आणि २५ ऑगस्टला त्याला डॅलसला देऊन टाकलं. बदल्यात २०२४ ची चौथ्या फेरीची एक निवड. त्या हंगामात फोर्टीनायनर्स सुपर बोलला पोचले आणि पुन्हा महोम्सकडूनच हरले, २५-२२, जादा वेळेत.

लिहून दिलेल्या पिकाचं काय झालं तेही बघू. संघ चांगला खेळत राहिल्यामुळे २०२२ आणि २०२३ च्या दोन्ही निवडी २९ व्या क्रमांकाच्या निघाल्या. भीती होती त्यापेक्षा किंमत कमी पडली. मायामीने त्यातली एक टायरीक हिल हा खेळाडू आणण्यासाठी वापरली, दुसरी ब्रॅडली चबला आणण्यासाठी. खरी बोच बाराव्या क्रमांकाची आहे. तो फिरत फिरत डॅलसकडे गेला आणि त्यावर आला मायका पार्सन्स, पुढे लीगमधल्या सर्वात धोकादायक बचावपटूंपैकी एक.

निर्णयांकडे मागे वळून बघताना

'लान्स चुकीचा निवडला' हे म्हणणं मला पटत नाही. त्या पाचांपैकी लॉरेन्स सोडला तर एकही पहिल्या संघात टिकला नाही. विल्सन, फील्ड्स, जोन्स, तिघेही २०२४ मध्ये किरकोळ मोबदल्यात विकले गेले. म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर फील्ड्स किंवा जोन्स घेतला असता तरी याच पानावर दुसरं नाव असतं. चूक असेल तर ती किमतीत होती. ज्या गटातल्या चौघांचं भविष्य इतकं धूसर, त्यातल्या एकासाठी तीन पहिल्या फेऱ्या लावणं हा जुगार होता, आणि क्वार्टरबॅक ओळखण्याची स्वतःची नजर इतरांपेक्षा तीक्ष्ण आहे असं समजून खेळलेला.

घोट्याचं मोडणं मात्र निव्वळ नशीब म्हणून सोडून देता येत नाही. ॲरिझोनात १६ वेळा पळाला आणि गुडघा गेला, शिकागोत १३ वेळा पळाला, आणि सिॲटलविरुद्ध तिसऱ्यांदाच पळताना घोटा. ज्या मुलाला पास फेकण्याचा सराव हवा होता त्याला गर्दीत घुसवण्याच्या चाली दिल्या गेल्या. त्याचे पाय दणकट होते हे खरं, म्हणूनच तो आवडला होता. पण तीन पहिल्या फेऱ्यांची वस्तू अशी वापरायची?

आणि २०२१ चं बाकावरचं वर्ष. इथे शॅनाहनची कोंडी मला समजते. संघ जिंकण्याच्या तयारीत होता. ड्रेसिंग रूममधल्या पन्नास माणसांची कारकीर्द पोराच्या शिकवणीवर खर्च करायची? त्या वर्षी ते कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले, तेव्हा गॅरापोलोला खेळवणं त्या हंगामापुरतं बरोबरच ठरलं. पण मग ज्याला खेळवून घडवावं लागणार असा मुलगा जिंकायच्या तयारीत असलेल्या संघाने घ्यावाच का? मला वाटतं, २६ मार्चच्या आधी एका कागदावर एवढंच लिहायला हवं होतं: हा मुलगा पहिल्या दोन वर्षांत किती सामने खेळेल आणि ते आपण कुठून काढणार. ते उत्तर लिहिताना सौदा तिथेच थांबला असता, किंवा जोन्ससारखा लगेच उतरवता येणारा मुलगा आला असता.

वेगळं करता आलं असतं का, असं वाटणारी आणखी एक छोटी गोष्ट म्हणजे विकण्याची वेळ. ऑगस्ट २०२३ मध्ये सगळ्या जगाला ठाऊक होतं की लान्स तिसऱ्या जागेवर घसरला आहे. तशा वेळी चौथी फेरी मिळाली हेच खूप. मार्चमध्ये, पर्डीच्या कोपराबद्दल शंका असताना, त्याला कुणाला देणं परवडणारं नव्हतं. तेव्हा या खेपेला फारसं काही हातात नव्हतं.

पर्डीशी २०२५ मध्ये पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला, म्हणजे स्वस्त क्वार्टरबॅकचे दिवस संपले. लान्स डॅलसमध्ये पहिलं वर्ष एकही सामना न खेळता काढून, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस एकदा सुरुवातीपासून खेळून, २०२५ मध्ये चार्जर्सकडे राखीव म्हणून गेला. त्याच वर्षी फोर्टीनायनर्सने पर्डीच्या मागे बसायला एक अनुभवी राखीव क्वार्टरबॅक घेतला, आणि पर्डी जखमी झाल्यावर तो खेळलाही. वडिलांना फोनवर नाव सांगितलं तर म्हणाले, "हा तोच ना, जो तुम्हाला तेव्हा नको होता?"

तोच. मॅक जोन्स.